चार्ज देताना

हा जुडगा घे, सिद्राम. एकशे चौदा किल्ल्या.
त्यातल्या तीन कशाच्या, ते मला ठाऊक नाही,
माझ्या आधीच्या कल्लाप्पालाही नव्हतं.
टाकू नकोस. कुलूप सापडतं कधीतरी.

मुलींच्या वसतिगृहामागचा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे.
बंद करायचा, म्हणजे उघडायचा.
पहिल्या वर्षी मी रात्रभर
काकतीच्या उतारापर्यंत पाणी सोडलं होतं.

रंग मार्चमध्ये येतो. हवा असो नसो, येतो,
बजेट संपवायचं म्हणून चाळीस डबे पिस्ता रंग.
जूनमध्ये एक बादली माग,
फाईल वर जाते आणि वरच राहते
गच्चीतल्या पिंपळासारखी.
तो पिंपळ मात्र दर दिवाळीला उपटून काढ. हाताने.
कोयत्याने छाटलास तर भिंतीच्या आत वाढतो.

ग्रंथालयात चौथ्या मांडणीमागे ओल आहे.
पश्चिमेची भिंत. चंदगडकडचा वारा
पाऊस आडवा मारतो तिच्यावर.
हिरेमठबाई पुस्तकांना हात लावू देत नाहीत.
मग पुस्तकांना नाही लावायचा. मांडणीच सरकवायची,
वीतभर, त्या जेवायला गेल्या की.
परत येतात, बघतात, बोलत काही नाहीत.
संध्याकाळी चहा येतो.

तक्रारवहीत कुणी लिहितं ‘गळतंय’,
कुणी ‘सोरतैती’,
एका साहेबांनी ‘अर्जंट’खाली तीन रेघा ओढल्यात,
खोली कुठली ते लिहिलेलं नाही.
शिडी एकच आहे.

आता गेटावरच्या पाटीचं.
वर्षातनं एकदा-दोनदा कुणीतरी डांबर फासून जातं,
कधी या अक्षरांना, कधी त्या.
टर्पेंटाइन नको, मूळ रंग उडतो.
आधी रॉकेल, मग साबण, मग जुनं लुगडं.
पहाटे पाचला, पेपरवाला यायच्या आत.
पुसताना अक्षरं कुणाची, ते बघू नकोस.
मी बघायचो. हात एका बाजूला हलका पडायचा,
एका बाजूला जड.
एकदा तर सात वाजेपर्यंत तसंच ठेवलं.
वहीत लिहिलं, साबण संपला होता.
संपला नव्हता.

चल, परीक्षा विभागाकडे. ही फट बघ,
जुन्या इमारतीच्या आणि नव्या इमारतीच्या मधली, बोटभर.
चुकून राहिलेली नाही, ठेवलेली आहे.
जुनी चिऱ्याची, नवी काँक्रीटची,
दोघी उन्हात फुगतात, थंडीत आक्रसतात,
पण एका वेळेला नाही.
एका ठेकेदाराने तिच्यात सिमेंट भरलं,
पक्कं, गुळगुळीत. कुलगुरूंनी पाठ थोपटली.
एप्रिलात बारा खोल्यांना तडे गेले.
मी आणि भरमू मुतगेकर
सतरा दिवस छिन्नी घेऊन
ते पक्कं काम फोडत बसलो होतो.
आता आत काथ्या आहे, डांबरात भिजवलेला.
डांबर कुठलं?
गेटापाशी अर्धा डबा टाकून पळाले होते, तोच.
दर तीन वर्षांनी बदलायचा.
कुणी येऊन म्हणेल, भेग दिसते, बरं दिसत नाही, बुजवून टाका.
होय म्हण.
बुजवू नकोस.

आणि सतरा नंबरच्या खोलीबाहेरचा नळ अजून ठिबकतो.
वायसर चारदा बदललं. प्लंबर दोन आणले.
रात्री राउंडला आलास तर ऐकू येईल.
ते माझ्याकडनं राहिलं.

सही कर इथे.
पेन परत दे, ते माझं आहे.